पाद्री ब्रोगार आणि अनयाचा मामा

वेस्ट विंडसर,
९ फेब्रुवारी २०२५

श्रीरंग,

चिरंजीव लिहायचं तुझं वय गेलं आणि तीर्थरूप लिहायला तू माझ्याहून मोठा नाहीस, म्हणून नुसतं श्रीरंग. रागावलेल्या माणसाला मायना कमीच बरा.

तू फोन उचलत नाहीस, मेसेजला उत्तर देत नाहीस. आश्लेषाला विचारलं तर ती म्हणते, "ताई, ते बरे आहेत, जेवतात, वॉकला जातात. फक्त तुमचं नाव निघालं की उठून गॅरेजमध्ये जातात." गॅरेजमध्ये जाऊन नवरा काय करतो ते तिलाही माहीत नाही. म्हणून शेवटी कागद घेतला. आपल्या घरातला माणूस हातात आलेला कागद वाचल्याशिवाय फेकत नाही. बाबा तर किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचायचे.

विषय तुला ठाऊक आहे. जूनमध्ये अनयाचं लग्न आहे, आयोवात, सोरेनच्या गावी. सकाळी त्याचे वडील पाद्री आहेत त्या चर्चमध्ये त्यांच्या पद्धतीने, दुपारी चर्चच्याच हॉलमध्ये आपल्या पद्धतीने. तू तिचा एकुलता एक मामा. नवरीला बोहल्यापर्यंत मामाने आणायचं असतं हे तुला सांगायला नको. सांता क्लारातल्या निम्म्या मराठी लग्नांत गुरुजींच्या आधी तूच सूचना देत असतोस. आणि कुमारला जाऊन आता तीन वर्षं झाली, म्हणून चर्चमध्ये जिथे वडील मुलीचा हात धरून चालतात तिथेही मी तुझंच नाव धरून बसले आहे. तू आला नाहीस तर माझ्या मुलीच्या शेजारची जागा दोन्हीकडे रिकामी राहील. मागणं मोठं आहे, मला कळतं.

तुझा राग कशावर आहे तेही मला कळतं. दिवाळीत फोनवर तू जे बोललास ते अजून कानात आहे. "आपल्या देवांवर पुस्तक लिहायला काय झालं होतं? आधी कुठल्या तरी डॅनिश पाद्र्यावर लिहिलं, आता पाद्र्याच्याच घरात चालली." फोन स्पीकरवर होता आणि अनया शेजारी बसून मटार सोलत होती, हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही. ती रडली वगैरे नाही. म्हणाली, "मामा चुकीचं काही बोलला नाहीये, आई. सीक्वेन्स बरोबर आहे."

तर ज्या पाद्र्यापासून हे सगळं सुरू झालं त्याची आणि तुझी निदान ओळख तरी करून द्यावी, असं मला वाटलं. नाव योहान्नेस ब्रोगार. दोनशे वर्षांपूर्वीचा. त्याच्याच देशात त्याला आता कुणी विचारत नाही, आपल्या अनयाने विचारलं, आणि त्याचीच पुस्तकं शोधत ती आयोवातल्या डॅनिश लोकांच्या या गावी पोचली. पाद्र्याचा मुलगा, स्वतःही पाद्रीच व्हायचा होता. कोपनहेगनला शिकत होता तेव्हा इंग्रजांनी तोफा डागून ते शहर जाळलं. हरलेल्या देशात हा पोरगा आपले जुने देव शोधायला निघाला. ख्रिस्ती होण्याआधी त्या लोकांचे देव होते ना, ते. ओडिन, ज्याने शहाणपणासाठी स्वतःचा एक डोळा दिला. हातोडा घेऊन फिरणारा थोर. सगळ्यांचा लाडका बाल्डर. मिसरूड फुटायच्या वयात ब्रोगारने पुस्तक लिहिलं की हे देव खोटे नव्हेत. जगाचा बाप एकच आहे, तो आमच्या पूर्वजांना धुक्यातून दिसला म्हणून त्यांनी त्याला अनेक नावं दिली, पुढे ख्रिस्त आला आणि धुकं विरलं. म्हाताऱ्या पाद्र्यांचं डोकं फिरलं आणि कॉलेजातल्या पोरांनी पुस्तक डोक्यावर घेतलं.

तूच सांग, यात तुला परकं काय वाटलं? नावं बदलून बाबांनी जेवणाच्या पाटावर हेच सांगितलं असतं.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. लग्नाला ये म्हणजे झालं.

ताई


वेस्ट विंडसर,
२ मार्च

श्रीरंग,

पोस्टकार्ड पोचलं. एका बाजूला पूल, दुसऱ्या बाजूला दोन ओळी, मायना नाही आणि सही नाही. "म्हणजे आपल्यासारखंच. इंग्रजांनी बडवलं की जुने देव आठवतात. पण सगळं एकच आहे म्हणून मोकळा होणारा माणूस मला आळशी वाटतो." मी ते कार्ड फ्रिजवर लावलं आहे. तू भांडलास याचा मला किती आनंद झाला ते लिहीत नाही, तू चढून बसशील.

पण ब्रोगार आळशी नव्हता, तिथेच त्याचं बिनसलं. वडील आजारी पडले म्हणून तो गावी परतला आणि त्यांच्या जागी काम बघायला लागला. एका शेतकऱ्याची बायको मरणाला टेकली होती. तिने विचारलं, "आता मी कुठे जाणार?" आणि त्या विद्वानाला काही सुचेना. धुक्यातला देव त्या बाईला काय कामाचा? तो घरी आला तो दुसराच माणूस होऊन. जुने देव म्हणजे सैतानाची फसवणूक, असं तो व्यासपीठावरून ओरडून सांगायला लागला. स्वतःच्या पुस्तकाच्या प्रती गोळा करून शेगडीत घातल्या. त्याची म्हातारी आई नातवंडांना थोरच्या रथाला जुंपलेल्या बोकडांची गोष्ट सांगायची, तीही बंद करवली. म्हातारीने ऐकलं. तिने सगळ्याच गोष्टी बंद केल्या, येशूच्यासुद्धा. अनया म्हणते की तिच्या पुस्तकातलं हे पान लिहायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला.

मी जन्मभर लोकांना भूल देण्याचं काम केलं. मास्क लावायच्या आधी माणूस कुणाचं तरी नाव घेतो. मी राम ऐकला, जीझस ऐकला, अल्ला ऐकला, आणि एका आडदांड ट्रक ड्रायव्हरच्या तोंडून त्याच्या आजीचं नावही ऐकलं. एकदाही मी कुणाला दुरुस्त केलं नाही. त्यामुळे मला त्या शेतकरणीचा प्रश्न कळतो आणि ब्रोगारच्या आईचं गप्प होणंही कळतं. तुझा राग मात्र अजून नीट कळत नाही, म्हणजे त्याचं कारण कळतं पण त्याचं एवढं टिकणं कळत नाही.

अनया सुट्टीला आली होती. आम्ही आयसेलिनला जाऊन शालू घेतला. मोरपिशी रंग हवा म्हणून ती अडून बसली होती, दुकानदारीण पिवळ्यावर अडून बसली होती आणि मी खुर्चीवर. शेवटी पिवळाच घेतला, कारण अंगावर टाकल्यावर ती आरशासमोरून हलेना. सोरेनच्या वडिलांसाठी उपरणं घेतलं. सोरेनसाठी मुंडावळ्या बघताना ती एकदम म्हणाली, "आई, मामाला वाटतंय का की मी कन्व्हर्ट होतेय?"

"तूच विचार त्याला."

"तो माझे पण कॉल्स घेत नाहीये. आणि खरं सांगू? मला कुणी कन्व्हर्ट हो म्हटलंच नाहीये. सोरेनच्या डॅडना मी स्वतः विचारलं. ते म्हणाले, ब्रोगारवर पुस्तक तू लिहिलंयस, मला काय विचारतेस?"

"मग तू काय ठरवलंस?"

"की मला दोन्हीकडे मामा हवाय. बाकी आय विल फिगर आउट."

दुकानदारीण मराठी नव्हती, पण मामा हा शब्द तिला कळला. तिने विचारलं, मामासाठी काही नाही घेणार? मी तुझ्यासाठी फेटा घेऊन आले आहे. तो कपाटात आहे.

ताई


वेस्ट विंडसर,
६ एप्रिल

श्रीरंग,

चक्क तीन पानं, आणि खाली सही! आश्लेषाकडून सगळी बातमी येते मला. तू लायब्ररीतून उत्तरेच्या देवांवरची इंग्रजी पुस्तकं उचलून आणलीस, गॅरेज सोडलंस, आणि डायनिंग टेबलावर इतकी जागा व्यापलीस की तिला ताट घेऊन सोफ्यावर बसावं लागतं. मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात तू कुणाला तरी पकडून ओडिनच्या डोळ्याबद्दल सांगत होतास असंही कळलं. त्या बिचाऱ्याला श्रीखंड वाढून घ्यायचं होतं म्हणे.

तू विचारलंस की पुस्तकं जाळणारा हा माणूस पुढे ताळ्यावर आला का, नसेल तर त्याचं कौतुक मला सांगू नकोस. आला, पण फार उशिरा. आई गेली तेव्हा. तिच्या अंत्यविधीला गावातल्या बायका जमल्या आणि प्रत्येकीला त्या म्हातारीची एकेक गोष्ट पाठ होती. थोर, ओडिन, बाल्डर, सगळे. त्यांना त्या गोष्टींनी सैतानाकडे नेलं नव्हतं. त्या दर रविवारी चर्चला यायच्या आणि घरी गेल्यावर पोरांना झोपवताना बोकडांची गोष्ट सांगायच्या. ब्रोगार तिथे उभा राहून ऐकत राहिला. नंतर त्याने जे शेवटचं पुस्तक लिहिलं त्यावरच अनयाचा सगळा अभ्यास आहे.

त्यात तो म्हणतो, हे देव सैतान नव्हेत आणि धुक्यातला परमेश्वरही नव्हेत. ती आमच्या घरातली म्हातारी माणसं आहेत. ख्रिस्त आमच्याकडे पाहुणा म्हणून आला. चांगला पाहुणा घरातल्या म्हाताऱ्यांना अंगणात काढत नाही, त्यांच्याजवळ बसतो. तू लिहिलंस ना, की बाल्डर निष्पाप मरतो आणि जग बुडून पुन्हा वर आल्यावर परत येतो, म्हणजे हे पाद्री नक्की म्हणत असणार की बाल्डर म्हणजे ख्रिस्ताचीच सावली? त्या काळचे पुष्कळ म्हणायचे. ब्रोगार मात्र म्हणाला नाही. त्याने लिहिलं, "माझ्या आजोबांना दुसऱ्याचा कोट घालू नका. ते त्यांच्या कपड्यांत बरे दिसतात." हे वाक्य वाचून मला तूच आठवलास. आरतीत कुणी एक शब्द इकडचा तिकडे केला की तू असाच खवळतोस.

आणि ईस्टरच्या दिवशी तो चर्चमध्ये जुन्या देवांच्या शेवटाची गोष्ट सांगायचा. सगळं जळतं, पृथ्वी समुद्रात बुडते, मग हिरवी होऊन परत वर येते, आणि वाचलेल्या देवांना गवतात त्यांच्या जुन्या खेळातल्या सोन्याच्या सोंगट्या सापडतात. लोकांना तो सांगायचा, ही आशा तुमच्या घरात आधीपासून होती, येशू काही रिकाम्या घरात आला नाही. चर्चमधल्या वरच्यांनी तक्रारी केल्या. त्याने ऐकलं नाही. आता त्याचं वय झालं होतं आणि त्याला शेगडीत काही जाळायची गरज उरली नव्हती.

आता आपल्या लग्नाचं ऐक. हॉलमध्ये होम करायचा म्हणून चर्चच्या कमिटीची मीटिंग झाली आणि मला झूमवर बोलावलं. मी ब्रोगारची वाक्यं कागदावर काढून तयार बसले होते. कुठला देव, कुठला मंत्र, अग्नीची पूजा म्हणजे काय, सगळ्याची उत्तरं पाठ. त्यांनी एवढंच विचारलं की धूर किती होणार. हॉलमध्ये स्मोक अलार्म आहे आणि तो वाजला की अख्ख्या गावाची आगगाडी, म्हणजे फायर ट्रक, येतो. शेवटी होम बाहेर हिरवळीवर करायचा ठरला. फायर चीफ याच चर्चचा आहे. तो सूट घालून, आग विझवायचं नळकांडं घेऊन गुरुजींच्या मागे उभा राहणार आहे. माझी वाक्यं तशीच राहिली, म्हणून तुला लिहून पाठवते आहे.

तर मग तुझी हरकत आता उरली कुठे? पाद्री तुझ्या बाजूचा निघाला. चर्चला होमाचं काही नाही. पोरगी जशी होती तशीच आहे, संकष्टीला फोन करून चंद्र किती वाजता ते विचारते. तरी तीन पानांत तू "येतो" हा शब्द कुठेही लिहिलेला नाहीस. मी पत्र उलटंही धरून पाहिलं. कॅटररला आकडा कळवायचा आहे हे एक, आणि मला नीट झोप लागत नाही हे दुसरं. यातलं दुसरं जास्त खरं आहे.

ताई


वेस्ट विंडसर,
४ मे

श्रीरंग,

तुझं पत्र वाचून मी चहा घ्यायचा विसरले. तो तसाच गार झाला आणि मी तिथेच बसून होते. आधी रडू आलं आणि मग इतकं हसू आलं की शेजारची केया, ती कॉलेजातली मुलगी, कुंपणावरून विचारायला लागली, "मृणालिनी मावशी, आर यू ओके?"

तुझं पत्र तुलाच परत लिहून पाठवते, म्हणजे काय लिहून बसलास ते कळेल. "ताई, तुझ्या ब्रोगारशी माझं भांडण नाही. चर्चशीही नाही. दिवाळीत बोललो ते चुकलंच, अनयाला मी तसं सांगेन. आता मी वाचलेली गोष्ट तू ऐक. बाल्डरला वाईट स्वप्नं पडायला लागली तेव्हा त्याची आई फ्रिग घराबाहेर पडली. आगीकडे गेली, पाण्याकडे गेली, लोखंड, दगड, झाडं, जनावरं, साप, रोगराई, एकेकाच्या दारात जाऊन शब्द घेतला की माझ्या मुलाला इजा करणार नाही. सगळ्यांनी दिला. एक मिसलटो राहिलं, झाडावरचं बांडगूळ. अगदी जवळ होतं, कोवळं होतं, त्याला काय विचारायचं असं तिला वाटलं. पुढे त्याच्याच डहाळीने बाल्डरचा जीव घेतला. जानेवारीत मला एक ईमेल आला. डिअर गेस्ट. खाली लिंक. किती माणसं येणार, आणि चिकन, फिश की व्हेजिटेरियन. ताई, मी मामा आहे."

अरे देवा, श्रीरंग.

पहिली अक्षत गणपतीला दिली. ब्रिजवॉटरच्या देवळात मी स्वतः गेले. दुसरी कोल्हापूरला अंबाबाईपुढे आपल्या मावसबहिणीने, मोनाने जाऊन ठेवली, तिथून मला फोटो पाठवला. सोरेनच्या आईवडिलांकडे मी विमानाने गेले, बेसनाचे लाडू घेऊन, त्याच्या आईला कुंकू लावून आले. तिसरी अक्षत मामाची. माझ्या लग्नाची आईने आपल्या मामाकडे एसटीने जाऊन दिली होती, अक्षतांची पिशवी मांडीवर घेऊन. आणि मी काय केलं? अनयाची मैत्रीण सिया हिने वेबसाइट बनवली, सगळे पत्ते त्यात भरले, आणि म्हणाली, "काकू, आता हे बटण दाबा, सगळ्यांना एकदम जाईल." मी दाबलं. सगळ्यांत तू होतास. तुला वेगळं आमंत्रण द्यायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. तुला काय आमंत्रण द्यायचं, तू घरचाच, असं धरून चालले होते. त्या फ्रिगलाही बहुतेक असंच वाटलं असेल.

आणि मग मी काय करत बसले? ज्या गोष्टीवर तुझा राग नव्हताच त्यावर तुला पटवत बसले. एका मेलेल्या डॅनिश माणसाला महिनोन् महिने तुझ्या दारात वकील म्हणून उभा केला. अनयाला सांगितलं तेव्हा ती जमिनीवर बसून हसली आणि म्हणाली, "ब्रोगारवर आजवरचा सगळ्यात मोठा करस्पॉन्डन्स तुम्हा दोघांचाच असेल."

पण तू मला थांबवलं का नाहीस? पहिल्याच पोस्टकार्डावर "लिंक" एवढा एक शब्द लिहिला असतास तरी मी धावत आले असते. आश्लेषाला हेच विचारलं. ती म्हणाली, "ताई, त्यांना तुमची पत्रं आवडायला लागली होती. लिंकचं सांगितलं असतं तर ती बंद झाली असती."

शनिवारी येते आहे. तुझ्या दारात, कुंकू, सुपारी आणि अक्षता घेऊन. चिकन की व्हेजिटेरियन ते विचारणार नाही.

ताई


वेस्ट विंडसर,
१८ मे

श्रीरंग,

तू समोर बसला होतास तेव्हा मला बोलता आलं नाही, म्हणून परत कागद.

तू दार उघडलंस ते धोतर नेसून, हे मी विसरणार नाही. आश्लेषाने पाट मांडला होता. तू अक्षता कपाळाला लावल्यास, सुपारी मुठीत धरलीस आणि "येतो" म्हणालास, आणि मला वाटलं झालं, जिंकले मी. मग चहाचा कप खाली ठेवत तू म्हणालास, "मी बोहल्यापर्यंत तिला आणीन. मामाचं काम तेवढं. चर्चमध्ये तिला तू घेऊन चालायचं. आणि कन्यादानाला तू बसायचं."

मी म्हणाले, "मी एकटी कशी बसणार? जगन्नाथ भावोजी आणि जाऊबाई बसणार आहेत, ठरलंय ते. जोडी लागते."

"कुठे लिहिलंय ते दाखव. मी गुरुजींशी बोललोय."

"लोक काय म्हणतील?"

"लोक चिकन की व्हेजिटेरियन ते सांगतील."

मला तुझा राग आला, खरं सांगते. विमानात बसल्यावरही येत होता. इतके महिने मी तुझ्या मागे लागले आणि हा माणूस माझंच मागणं माझ्यावर उलटवतोय, असं वाटलं. तू म्हणालास, "सगळ्यांकडे गेलीस. स्वतःला विचारलंस का?" तेव्हा मी उठून आश्लेषाकडे स्वयंपाकघरात निघून गेले, ते रागानेच.

घरी आल्यावर विचार केला. कुमार गेल्यापासून मला कुणी मागे हो म्हटलेलं नाही. इथे कोण म्हणणार? मंडळातल्या बायका तर हळदीकुंकवाला घरी येऊन हाताला धरून नेतात. मीच आपली ओटी भरायच्या वेळी चहा बघायला आत जाते. मुलं औक्षणाला बसली की मी कॅमेरा हातात घेते. अशी थोडी थोडी सरकत गेले आणि मला वाटत राहिलं की मी कामात आहे. मग लेकीच्या लग्नातल्या माझ्या दोन्ही जागा मी किती व्यवस्थित वाटून टाकल्या होत्या, एक तुला आणि एक भावोजींना! आणि मी कुठे उभी राहणार होते ते ठरवलंच नव्हतं. बहुधा कॅटररजवळ.

कुमारची आठवण येते. तो असता तर चर्चमध्ये मधेच थांबून लोकांना हात करत चालला असता आणि अनयाने त्याला ओढलं असतं. त्याच्या जागी जायचं म्हटलं की मी काहीतरी काम काढून उठते. पण त्याच्या जागी नाहीच जायचं, माझ्याच जागी जायचं आहे, हे आता हळूहळू पटतंय.

सकाळी भावोजींना फोन केला. कसं सांगावं म्हणून बराच वेळ हवापाण्यावरच बोलले. शेवटी सांगितलं तर म्हणतात, "वहिनी, सुटलो बुवा. पाटावर बसायचं म्हणून मी महिनाभर गुडघ्याचे व्यायाम करत होतो."

तर हो. दोन्हीकडे मी.

मृणालिनी
(ताई म्हणून सह्या पुष्कळ झाल्या, आज हीच असू दे.)


वेस्ट विंडसर,
२२ जून

श्रीरंग,

तुम्ही दोघं सुखरूप पोचलात हे कळलं. घर अजून लग्नाचंच आहे. सोफ्यावर फेटे, फ्रिजमध्ये उरलेले लाडू, आणि सोरेनच्या आईने दिलेला एक भला मोठा केक ज्याला मी अजून सुरी लावलेली नाही.

तू नवरीला घेऊन आलास तेव्हा माझ्या शेजारी सोरेनची आई उभी होती. तिने विचारलं हे कोण. मी सांगितलं, हा माझा भाऊ, हे काम फक्त तोच करू शकतो. ती म्हणाली, आमच्यात असं काही हवं होतं. तू पिवळ्या शालूतल्या पोरीला असं सांभाळून आणत होतास आणि तरी तुझं अर्धं लक्ष गुरुजींच्या मंगलाष्टकांकडे होतं, हे मी तिथून पाहिलं. तिसऱ्या अष्टकाला तू भुवई उडवलीस. फायर चीफला मात्र तू आवडलास; होमानंतर तुम्ही दोघं नळकांड्याशेजारी उभं राहून थोरबद्दल काय एवढं बोलत होतात ते तुझं तुला माहीत. त्याची आजी त्याला त्या गोष्टी सांगायची म्हणे, ते मात्र मला त्याने स्वतः सांगितलं.

पण हे पत्र दुसऱ्याच कारणासाठी आहे. आश्लेषा म्हणाली की चर्चमध्ये ऐन वेळी तू खाली वाकून रुमाल शोधत होतास आणि तुझं बघायचं राहिलं. व्हिडिओवाल्याच्या कॅमेऱ्यासमोर नेमका तुझाच फेटा आलाय. म्हणून सांगते.

दाराशी मी नुसती पदरच नीट करत राहिले. अनयाने माझा हात तिच्या कोपरात अडकवला. ऑर्गन सुरू झाला आणि मग मला काय झालं कुणास ठाऊक, मी सुटलेच. निम्म्या वाटेवर ती दात न उघडता म्हणाली, "आई, स्लो डाउन. ट्रेन नाही पकडायचीये." लोक दोन्ही बाजूंनी वळून बघत होते. कुणी मला बाजूला सरका असं म्हटलं नाही. मी त्या सगळ्यांकडे बघितलं आणि मला इतकं बरं वाटलं, श्रीरंग, की मी शेवटची काही पावलं मुद्दाम हळू टाकली.

पुढे सोरेनचे वडील उभे होते, झग्यावर आपलं उपरणं घेऊन. त्यांनी विचारलं, या मुलीला इथे कोण घेऊन आलं आहे? आदल्या दिवशी रिहर्सलमध्ये माझ्याकडून उत्तर घोकून घेतलं होतं, इंग्रजीत, दोन शब्द. ते काही तोंडातून आले नाहीत.

"मी," मी म्हणाले. "मी आणलंय तिला. मी तिची आई."

सगळं मराठीत. त्यांनी मान डोलावली, अर्थ विचारला नाही, आणि पुढचं वाचायला सुरुवात केली.

ताई